गुड वाइफ संपवली, पण डायननं मारलेली ती कानाखाली काय पटली नाही बुवा

कृष्णाकाठची (सांगली)

शेवट फोडणार आहे. ज्यांची बघायची राहिलीय त्यांनी इथनंच मागं फिरा, नंतर मला बोल लावू नका.

'द गुड वाइफ' ही अमेरिकन मालिका काल रात्री संपवली. सात सीझन, १५६ एपिसोड. ओटा पुसून झाला की लॅपटॉप उघडायचा, पोरगं उठू नये म्हणून कानात इअरफोन, असं करत करत संपली एकदाची आणि शेवट बघून अशी चिडचिड झालीय की बोलावं तर घरात कुणी बघितलेलीच नाही, नवऱ्याला एवढंच माहिती की ही रात्री वकिलांचं कायतरी बघत बसते. म्हणून इथं लिहायलीय.

ज्यांना बघून बरेच दिवस झालेत त्यांच्यासाठी आठवण करून देते. नायिका अलिशिया वकील, पीटर तिचा नवरा. तो गव्हर्नर आहे आणि त्याच्यावर केस चाललीय, की पूर्वी स्टेट्स अ‍ॅटर्नी असताना देणगीदाराच्या पोराला खुनातनं वाचवायला त्यानं पुराव्यात गडबड केली. अलिशिया आणि तिची फर्ममधली भागीदार डायन दोघी त्याच्या बाजूनं. बंदुकीच्या गोळ्यांचा तज्ज्ञ म्हणून साक्षीला कोण, तर डायनचाच नवरा कर्ट. त्याची साक्ष पीटरला जड जायला लागली तशी अलिशियानं लुकाला, तिच्या सहकारी वकिलाला, पुढं केलं आणि लुकानं भर कोर्टात कर्टला विचारलं की तुमचे तुमच्या जुन्या विद्यार्थिनीशी संबंध होते का. डायन तिथंच बसलेली हो! उठली आणि निघून गेली. मग पीटरनं तडजोड केली, एक वर्ष प्रोबेशन आणि राजीनामा, परत प्रेस कॉन्फरन्स, परत अलिशिया शेजारी उभी, आणि नंतर आतल्या कॉरिडॉरमध्ये डायन समोरनं आली आणि सणसणीत एक ठेवून दिली. एक शब्द नाही. अलिशियानं डोळे पुसले, जॅकेट खाली ओढून सारखं केलं आणि चालायला लागली. संपलं.

आता मला सांगा, सात वर्षं जिनं नवऱ्याची लफडी निस्तरली, पोरं वाढवली, तेरा वर्षांनी परत काळा कोट घालून पोरासोरांच्या बरोबरीनं ज्युनिअर म्हणून सुरुवात केली, तिलाच शेवटी मार? आणि पीटर काय, तुरुंग चुकवून मोकळा. हे लिहिणाऱ्यांना काय सांगायचं होतं? तुम्हाला पटला का शेवट?

---

शेंगाचटणी (मिरज)

ताई मी तर पाचव्या सीझनलाच मनानं बाहेर पडलो. अलिशियाचा जिच्यावर जीव तो तिचा बॉस विल गार्डनर, त्यालाच मारल्यावर काय राहतंय त्यात. २०१४ चा तो एपिसोड, कोर्टात केस चाललीय, आरोपी पोरगं कावरंबावरं झालेलं, पोलिसाच्या कमरेची बंदूक घेतं आणि धडाधड गोळ्या. आणि आपल्याला गोळ्या दिसत पण नाहीत नीट, फर्मची तपासनीस कलिंडा बाहेर कॉरिडॉरमध्ये हाय, तिला नुसता आवाज येतोय. मी पाणी प्यायला उठलेलो तो तसाच तांब्या धरून उभा. विलचं काम करणाऱ्या नटालाच बाहेर पडायचं होतं म्हणून मारला हे नंतर कळलं, पण त्याच्या मोबाइलवरनं अलिशियाला गेलेला तो अर्धवट मेसेज, त्याला नक्की काय सांगायचं होतं हे शेवटपर्यंत कळत नाही, ते डोक्यातनं अजून जात नाही.

शेवटच्या एपिसोडला त्याला परत आणलाय तिच्या मनातला म्हणून, ते बघून तर जास्तच राग आला. जिवंत असताना दोघांना एकत्र येऊ दिलं नाही आणि आता गप्पा मारायलेत.

थोबाडीत बरोबर का चूक ते वकील लोकं सांगतील. एक हाय इथं सातारचा.

---

बाररूमचा_कोपरा (सातारा)

आलो. हाक मारली म्हणून नाही, मला या शेवटावर बोलायचंच होतं.

ताई, आधी वकिली बाजू सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत आहे की वकिलानं आपल्या पक्षकाराचं हित निर्भयपणे जपायचं, योग्य आणि सन्मान्य मार्गानं, आणि त्यापायी स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला त्रास झाला तरी त्याची फिकीर करायची नाही. दुसऱ्या कुणाला, हे त्यात लिहिलेलं आहे. आता इथं दुसरं कुणी म्हणजे डायन. अमेरिकेतले नियम वेगळे पण गाभा हाच. म्हणजे समोरचा साक्षीदार आपल्या माणसाला बुडवतोय आणि त्याच्या साक्षीवर शंका घेता येण्यासारखी गोष्ट आपल्या हातात आहे, तर ती विचारलीच पाहिजे, साक्षीदार मैत्रिणीचा नवरा आहे म्हणून गप्प बसलं तर ती पक्षकाराशी गद्दारी.

पण याला दोन कुलपं आहेत. एक, आपल्या पुरावा कायद्याप्रमाणं साक्षीदाराच्या चारित्र्यावर जाणारा प्रश्न उगाच चिखलफेक म्हणून विचारता येत नाही, त्याला काहीतरी आधार लागतो आणि साक्षीदारानं उत्तर द्यायचं का नाही ते कोर्ट ठरवतं. इथं मुद्दा असा होता की दुसरी बंदुकीची तज्ज्ञ तीच जुनी विद्यार्थिनी, म्हणजे तिच्या मताला मान देताना कर्टचं मन कुठं होतं, तेवढ्यापुरता प्रश्न बसतो. दुसरं, डायन त्या केसमध्ये राहिलीच कशी? स्वतःचा नवरा तज्ज्ञ साक्षीदार आणि ही बचावाच्या टेबलावर. आमच्याकडं एखादा सिनिअर असता तर कर्टचं नाव साक्षीदारांच्या यादीत दिसलं त्याच दिवशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी कळवणं, देऊन बाजूला झाला असता आणि बाररूममध्ये चहा घेत बसला असता. ती थांबली तिथंच गाडी घसरली.

बाकी ही मालिका कोर्ट म्हणून मला का आवडते ते पण सांगतो. आपल्या मराठी हिंदी मालिकांमधलं कोर्ट बघवत नाही. हातोडा काय आपटतात, साक्षीदार ऐनवेळी दार ढकलून काय येतो, वकील आरोपीच्या नाकाला नाक लावून काय ओरडतो. मी एवढ्या दिवसांत जिल्हा न्यायालयात हातोडा बघितलेला नाही. आपल्याकडं सरतपासणी, उलटतपासणी सगळं हळू चालतं, साक्षीदार बोलणार, साहेब ते सांगणार, स्टेनो टाइप करणार, मधेच कागदाला निशाणी क्रमांक पडणार, समोरचा म्हणणार हरकत आहे. गुड वाइफमध्ये वेग भयानक आहे पण जजेस खरे वाटतात. प्रत्येकाची एक खोड आहे. ती एक जज आहे बघा, प्रत्येक वाक्याला 'माझ्या मते' जोडल्याशिवाय वकिलाला पुढं जाऊ देत नाही. हे शंभर टक्के खरं आहे, आमच्याकडं ज्युनिअर पहिलं काय शिकतो तर कायदा नाही, कुठल्या कोर्टात फाइल कशी द्यायची, कुणाला लांबण चालत नाही, कुणापुढं तारीख मागायची सोय नाही.

---

यवतेश्वर_घाट (सातारा)

वकीलसाहेब म्हणतायत ते कोर्टापुरतं ठीक आहे, पण ही मुळात राजकारणाची मालिका आहे, कोर्ट हे निमित्त. सुरुवातच कुठनं झालीय बघा. २००८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांचं वेश्यांचं प्रकरण बाहेर आलं, ते माइकसमोर उभे आणि बायको शेजारी, चेहरा पडलेला. रॉबर्ट आणि मिशेल किंग या नवराबायकोनं अशी एकापाठोपाठ एक प्रकरणं बघून ठरवलं की गोष्ट त्या शेजारी उभ्या असलेल्या बाईची लिहायची. २००९ च्या सप्टेंबरला पहिला एपिसोड आला. त्यात पीटर माफी मागतोय, कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडतायत आणि अलिशियाचं लक्ष कुठं आहे तर त्याच्या कोटाच्या बाहीवर लोंबणाऱ्या एका दोऱ्यावर. तो काढायला हात पुढं करते. अख्ख्या मालिकेत माझ्यासाठी हा सीन एक नंबर.

आणि कुणाला वाटत असेल गव्हर्नर वगैरे असे अडकतात हे टीव्हीपुरतं, तर इलिनॉय राज्याचा इतिहास काढून बघा. ओटो कर्नर, डॅन वॉकर, जॉर्ज रायन आणि रॉड ब्लागोयेविच, चार गव्हर्नर तुरुंगात जाऊन आलेत. ब्लागोयेविच तर ओबामांची रिकामी झालेली सिनेटची जागा विकायला निघाला म्हणून २००८ च्या डिसेंबरमध्ये धरला गेला, म्हणजे मालिका यायच्या आधी वर्षभरसुद्धा नाही. नंतर १४ वर्षांची शिक्षा लागली, २०२० ला ट्रम्पनं कमी करून सोडवला. त्यामुळं गोष्ट शिकागोत ठेवली यात नवल काही नाही. गंमत म्हणजे शूटिंग जवळजवळ सगळं न्यूयॉर्कला.

---

कृष्णाकाठची

वकीलसाहेब एक बाळबोध शंका. स्टेट्स अ‍ॅटर्नी म्हणजे आपला सरकारी वकीलच ना? मग त्याची निवडणूक का? पीटर निवडून येतो, मग सहाव्या सीझनला अलिशिया स्वतः उभी राहते, बॅनर काय, टीव्हीवरचे वादविवाद काय. सरकारी वकिलाला मतं मागताना बघून मला पहिले दोन सीझन काही कळतच नव्हतं.

---

बाररूमचा_कोपरा

शंका बाळबोध नाही, अख्खी मालिका त्याच्यावर उभी आहे. तिकडं बहुतेक राज्यांत काउंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, मुख्य सरकारी वकील लोकांनी निवडून दिलेला असतो. आपल्याकडं जिल्हा सरकारी वकिलाची नेमणूक राज्य सरकार करतं. त्यामुळं तिकडं प्रत्येक केस लढवताना त्याच्या डोळ्यांपुढं पुढची निवडणूक असते, कुणावर खटला घालायचा आणि कुणाशी तडजोड करायची यात मतांचं गणित येतं. आपल्याकडं राजकारण नसतं असं म्हणायला मी काय खुळा नाही, पण ते नेमणुकीच्या वेळी होतं, जाहीर सभेत नाही.

म्हणून तर काजोलची 'द ट्रायल' आली, २०२३ ला, हॉटस्टारवर, ती याचंच आपलं रूप आहे, तर त्यांनी नवऱ्याला न्यायाधीश करून टाकला. सरकारी वकील ठेवला असता तर आपल्या प्रेक्षकाला एवढं मोठं पद वाटलंच नसतं. पण त्यामुळं निवडणुकीचा सगळा रस गेला, पहिल्या सीझनच्या आठ एपिसोडमध्ये मग नुसतं घर आणि कोर्ट उरलं.

तडजोडीचं पण तसंच. तिकडं दर दुसऱ्या सीनला सरकारी वकील कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणतो, तीन वर्षं घे नाहीतर पंधरा मागतो. आपल्याकडं प्ली बार्गेनिंग २००६ पासून आहे, पण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला नाही, बायकांवरच्या आणि लहान मुलांवरच्या गुन्ह्याला नाही, आणि अर्ज आरोपीनं स्वतः करायचा. वापरतं कोण फारसं? आरोपीला माहिती असतं केस दहा वर्षं चालणार, साक्षीदार फुटणार नाहीतर मरणार, मग आधीच गुन्हा कबूल कशाला करायचा.

आणि ज्युरी. आपल्याकडं ज्युरी जाऊन जमाना झाला, नानावटी खटल्यावेळी होती. लुकाचा तो प्रश्न जजसाठी नव्हताच, समोर बसलेल्या बारा माणसांसाठी होता. आपल्या कोर्टात तोच प्रश्न विचारून एवढा परिणाम झाला नसता, साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं असतं आणि म्हणाले असते, पुढं चला.

---

द्राक्षबाग (तासगाव बाजू)

मी एवढे सीझन बघितलेले नाहीत, बायकोबरोबर बसून पहिले तीन बघितले आणि शेवट तिनं सांगितला. पण शेजारी उभी राहणारी बायको हा विषय निघालाय म्हणून लिहितो.

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा बायकांना आहेत. आमच्या भागातल्या एका गावात बाई सरपंच झाल्या. गाव सांगत नाही. बॅनरवर बाईंचा फोटो मोठा आणि खाली मोबाइल नंबर मालकांचा. मासिक सभेला मालक खुर्चीत, बाई कडेला, ग्रामसेवक वही मालकांच्या पुढं धरणार आणि सही तेवढी बाईंच्या पुढं. सगळं दोन-अडीच वर्षं सुरळीत चाललं. मग एकदा पाणीपुरवठ्याच्या मोटर दुरुस्तीचं बिल आलं आणि बाई म्हणाल्या हे मागल्या महिन्यात पण दिलंय की, मोटर एक आणि वाइंडिंग किती वेळा करायचं. ग्रामसेवकानं मालकांकडं बघितलं, मालकांनी छताकडं. बाईंनी सही केली नाही. त्या दिवसापासनं त्या खुर्चीत बसायला लागल्या.

गावात लोकं पहिल्यांदा म्हणाली बरं झालं. पुढं त्यांनी पण स्वतःच्या भावाला काम दिलं म्हणे, तेव्हा तीच लोकं म्हणाली शेवटी हीसुद्धा तसलीच. मला तुमच्या अलिशियाची गोष्ट ऐकताना त्याच आठवल्या. खुर्चीशेजारी उभं राहून माणूस खुर्चीचं सगळं शिकतं की ओ, चांगलं तेवढंच कसं शिकेल?

---

यवतेश्वर_घाट

द्राक्षबाग यांनी नेमकं बोट ठेवलं.

ताई, तुम्ही म्हणताय मार तिलाच का. मला वाटतं डायननं प्रश्न विचारल्याबद्दल मारलंच नाही. प्रश्न अलिशियानं स्वतः उभं राहून विचारला असता, डायनच्या डोळ्याला डोळा देऊन, तर मी म्हटलं असतं वकीलसाहेब म्हणतायत तसं कर्तव्य केलं. पण तिनं काय केलं, लुकाला पुढं केलं. लुका काल आलेली पोरगी, तिच्या तोंडून वदवून घेतलं आणि स्वतः मागं हात बांधून बसली. हे कुणाचं तंत्र आहे? पीटरचं. पीटर सात वर्षं हेच करत आला, घाण काम दुसऱ्याच्या हातानं आणि स्वतः कॅमेऱ्यापुढं स्वच्छ. इलाय गोल्ड, त्याचा राजकीय सल्लागार, काय उगाच ठेवलेला होता पगारावर?

पहिल्या एपिसोडला कॉरिडॉरमध्ये अलिशियानं पीटरला मारली होती ना, शेवटच्याला डायननं अलिशियाला. जागा बदलली. आणि ती काय अचानक बदललेली नाही, हळूहळू चाललंय. पाचव्या सीझनला विल आणि डायनच्या पाठीमागं फर्ममधल्याच कॅरी या वकिलाबरोबर स्वतःची फर्म काढली, पक्षकार फोडले, विलनं टेबलावरचं सगळं एका हातानं खाली पाडलं तो एपिसोड. सहाव्याला निवडून आली आणि मतदान यंत्रांच्या घोळात पक्षानं तिलाच बळी दिलं. तिथं ती खरी होती आणि तिथंच हरली. त्यानंतर ती खरेपणाच्या भानगडीत पडलीच नाही.

---

शेंगाचटणी

हे बाकी जबरी. आता परत बघावं लागतंय का काय पाचव्यापासनं.

कॅरीचं कुणी नावच घेईना पण. सहाव्या सीझनला त्या गरीबाला अलिशियाच्या पक्षकारापायी आत टाकला, बाहेर आला, आणि त्याला शेवटी दिलं काय? पोरांना शिकवायला. आणि कलिंडा. ती आणि अलिशिया कितीतरी एपिसोड एका फ्रेममध्ये नव्हत्याच, आणि शेवटी बारमध्ये दोघी दारू पितायत तो सीन पण वेगवेगळा शूट करून जोडलाय असं तेव्हा सगळीकडं छापून आलेलं. मैत्रीचा सीन आणि मैत्रिणीच नाहीत, काय बोलायचं.

---

बाररूमचा_कोपरा

लुकाचा मुद्दा मान्य, पण थोडी सवलत द्या. मुख्य वकिलानं उलटतपासणी ज्युनिअरला देणं हे रोजचं आहे. आणि डायनशी जिची मैत्री नाही तिनं विचारणं हे एका अर्थानं सभ्यपणाचं. सभ्यपणा नव्हता तो डायनला आदल्या दिवशी न सांगण्यात. विरुद्ध बाजूच्या वकिलाला आम्ही कॅन्टीनला सांगतो, उद्या जरा कडक घेणारेय बरं का, मनाला लावून घेऊ नका. ही तर एकाच टेबलावर बसलेली भागीदार.

बाकी यवतेश्वरवाल्यांना राजकारण आणि कोर्ट एकत्र हवं असेल तर आपल्याकडं विषय कमी नाहीत. कोल्हापूरच्या हायकोर्ट सर्किट बेंचचंच घ्या. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी कित्येक वर्षं मोर्चे काढले, कामावर बहिष्कार टाकले, प्रत्येक मुख्यमंत्र्याला निवेदन दिलं आणि २०२५ च्या ऑगस्टला ते सुरू झालं. त्याआधी जामिनाच्या अर्जासाठी आमचा पक्षकार रात्रीच्या एसटीनं मुंबईला जायचा, सकाळी हायकोर्टाच्या बाहेर वडापाव खायचा, बोर्डावर नंबर लागायचा नाही आणि परत रात्रीच्या एसटीनं माघारी. सात सीझन आरामात होतील.

नाहीतर प्रतिसरकार. १९४३ ते ४६, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या काळात याच आपल्या मुलखात, तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, गावोगाव न्यायदान मंडळं बसायची. इंग्रजांचं कोर्ट चालू असताना लोकं जमिनीचा आणि कर्जाचा वाद तिकडं नेत होती आणि निकाल लागत होता. यावर कुणी नीट कोर्टाची मालिका करत नाही, आम्हाला मात्र सासूनं विष घातलेल्या दुधाचा खटला वर्षभर दाखवतात.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचं वाचलं. लुकाचं पटतंय, भागीदारणीला आधी सांगायला पाहिजे होतं हेही पटतंय. द्राक्षबाग दादा, त्या सरपंच बाई मोटरच्या बिलावर बसल्या ते वाचून हसू आलं आणि पुढचं वाचून गप्प झाले.

तरी माझा राग आहे तिथंच आहे. अलिशिया पीटरसारखी झाली म्हणून तिला कानाखाली बसली, मान्य. मग खुद्द पीटरला कुणी मारली? पहिल्या एपिसोडला एकदा बसली तेवढीच. त्यानंतर तो जेलमधनं सुटला, स्टेट्स अ‍ॅटर्नी झाला, गव्हर्नर झाला, राष्ट्राध्यक्ष व्हायला आयोवापर्यंत जाऊन आला. आणि डायन, एवढी मोठी वकील, तिला राग कुणाचा यायला पाहिजे होता, लफडं करणाऱ्या नवऱ्याचा का ते कोर्टात काढणारीचा? घरी जाऊन कर्टला मारली का तिनं? ते दाखवलंच नाही.

आता 'द गुड फाइट' सुरू करू का नको ते सांगा. त्यात डायनच मुख्य आहे म्हणतात आणि लुका पण आहे, म्हणजे कर्टचं पुढं काय झालं ते तरी कळेल.

---

यवतेश्वर_घाट

करा सुरू. सहा सीझन आहेत, २०१७ ते २०२२. पहिल्याच सीनला डायन एकटी अंधारात टीव्हीवर ट्रम्पचा शपथविधी बघत बसलीय. कर्टचं सांगत नाही, बघा तुम्हीच. फक्त रात्री उशिरा नका लावू, त्यातलं राजकारण यातल्यापेक्षा लई कडू आहे, झोप येत नाही.

---

शेंगाचटणी

आणि त्यात अलिशिया अजिबात नाही हे आधीच सांगतो. मी चार एपिसोड वाट बघत बसलेलो.